जंगलातून बाहेर

परवा थंडीसाठी जुना हीटर लावला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मला पेठजवळच्या रानातल्या पाड्यावरच्या शाळेतला तो प्रोजेक्टर आठवला.

१९७८ साल असेल. मी नाशिकला इंग्रजी शिकवत होते. क्षयरोगावरच्या एका इंग्रजी माहितीपटाचं निवेदन मी मराठीत आणलं होतं आणि तेच माइकवरून वाचायला गेले होते. खिडक्यांना घोंगड्या लावून भरदुपारी वर्गात अंधार केला होता. पडद्यावर आजारी माणसं दिसली. मूळ वाक्यात 'आउट ऑफ द वुड्स' असं होतं. मी वाचलं, "हे लोक अजून जंगलातून बाहेर आलेले नाहीत."

वर्गात कुजबुज सुरू झाली. दोघंतिघं उठलेच. पुढे बसलेल्या एका आजीनं शांतपणे विचारलं, "बाई, रान सोडलं तरच औषध देणार का?"

तपासणीसाठी सोबत आलेले डॉक्टर हळूच म्हणाले, "वाचा पुढे, विसरतील."

"नाही विसरणार," मी म्हटलं आणि मशीन बंद करायला लावलं. "चूक माझी आहे. इंग्रजीत तसं म्हणतात, अर्थ एवढाच, की धोका अजून टळलेला नाही. रान कुणीही सोडायचं नाही. औषध इथंच मिळेल."

मग फिल्म मागे घेऊन ते वाक्य मी पुन्हा, नीट वाचलं.

कितीतरी वर्षं मला त्या चुकीची लाजच आठवायची. आता आठवते ती आजी. फिल्म संपल्यावर खोकला दाबत ती तपासणीच्या रांगेत सगळ्यांत पुढे येऊन उभी राहिली होती.