मिर्ताच्या तोर्ता आणि नाहुएलचे गोल

मिर्ताने पोटच्या पोराचा एकही गोल डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि त्याला कारण होत्या तोर्ता फ्रिता. पाऊस लागला की रोसारिओ शहरात घरोघरी चरबीत तळतात, त्या मैद्याच्या पुऱ्या. नाहुएल दहा वर्षांचा असताना गल्लीतल्या फुटबॉल क्लबचा अंतिम सामना भर पावसात झाला. पोरं भिजून येतील, मी घरी थांबून तळते, असं मिर्ता म्हणाली. त्या दिवशी नाहुएलने तीन गोल मारले. झालं. नवरा ओस्वाल्दो आणि धाकटा दीर तितो यांनी निकाल लावून टाकला, की मिर्ता कढईपाशी होती म्हणून गोल झाले.

याला तिथे काबाला म्हणतात. जिंकलो त्या दिवशी जे जसं होतं ते दर सामन्याला तसंच ठेवायचं, नाहीतर घात झालाच म्हणून समजा. ओस्वाल्दोची काबाला म्हणजे तोच निळा स्वेटर, न धुतलेला. तितोची म्हणजे भावाच्या डाव्या हाताला उभं राहणं. दोघांच्या काबाला मैदानावर आणि हिचीच तेवढी स्वयंपाकघरात. ही वाटणी कोणी केली, असं विचारलं की दोघं वर आभाळाकडे बोट दाखवत.

नाहुएलला शहरातल्या मोठ्या क्लबने उचललं. कुमार संघ, राखीव संघ, आणि सतराव्या वर्षी थेट मुख्य संघ. पेपरात फोटो यायला लागले. इकडे फेब्रुवारीच्या, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्याच्या काहिलीत, जेव्हा शहाणा माणूस तोर्ताचं नावही काढत नाही, मिर्ता घामाने निथळत तळत उभी. गोल झाल्याचं तिला गल्लीतल्या आरडाओरड्यावरून कळायचं. बरं, गोल झाला नाही तरी चौकशी हिचीच. आच मंद केली होती का, चरबीऐवजी तेल वापरलं का. एकदा तर तितोने उरलेल्या पिठाचा वास घेऊन पाहिला. असल्या माणसांपुढे डोकं कुठे आपटायचं?

मग पोर्तुगालच्या एका क्लबने नाहुएलला घेतलं. रविवारी घरच्या मैदानावर शेवटचा सामना आणि बुधवारी विमान. जेवताना मिर्ताने सांगून टाकलं, की ह्या रविवारी मी येणार. ओस्वाल्दोचा घास तोंडातच राहिला.

तितोने हात जोडले. "वहिनी, इतकी वर्षं सांभाळलंत. आता एकच मॅच राहिलीय."

"एकच राहिलीय म्हणूनच येतेय, भावजी."

"पुढे टीव्हीवर दिसेलच की तो," ओस्वाल्दो म्हणाला.

"टीव्हीवर बघायला तो काय हवामानाचा अंदाज सांगणार आहे?"

नाहुएल ताटाकडे बघत जेवत राहिला. बापाची समजूत घालेल, निदान एक शब्द बोलेल, असं तिला वाटलं होतं. तो बोलला नाही. तेच तिला लागलं, आणि तिनेही वाद सोडून दिला.

रविवारी तिने पीठ मळलं, चरबी तापत ठेवली, दोघांना दारातून निरोप दिला. मग गॅस बंद करून, शेजारच्या चेलाबाईचं क्लबच्या सभासदाचं कार्ड घेऊन बस पकडली. ती मैदानाच्या फाटकापाशी पोचते तोच फोन वाजला. सामन्याआधी नाहुएल कपडे बदलायच्या खोलीतून फोन करायचाच.

"आई, तळायला घेतलंस ना?"

मागे ढोल बडवत होते. मिर्ताने फोन पदराआड धरावा तसा कोटात धरला. "घेतलं," ती म्हणाली.

सामना हरले. नाहुएलला पेनल्टी मिळाली होती. ती त्याने आभाळात मारली, आणि सगळं मैदान हळहळलं.

ती दोघांच्या आधी घरी पोचली आणि भराभर तोर्ता तळून मोकळी झाली. मग घरात जी चौकशी बसली, ती खुनाच्या खटल्यालाही बसत नसेल. शेवटी दोष तितोवर आला, की उत्तरार्धात पाणी प्यायला गेला आणि परतला तो भावाच्या उजव्या हाताला. तितो रडकुंडीला आला. मिर्ताने त्याला रडू दिलं. त्याने पिठाचा वास घेतला होता, ते ती विसरली नव्हती.

नाहुएल आला तेव्हा तोंड पाडून बॅग भरायला बसला. मोजे गुंडाळून देता देता मिर्ताने सांगितलं, "मी तिथे होते."

त्याचे हात थांबले. "तरीच," तो म्हणाला.

आता मात्र तिचा संताप संताप झाला. "तरीच काय? मी घरी तळत असताना तू कधी हरलाच नाहीस? तेव्हा माझं पीठ वाईट, आज माझं येणं वाईट. चांगलं खेळलास की तू, आणि चुकलास की आई. मी काय जन्मभर चुलीशी उभं राहून तुझे गोल ऐकायचे?"

तो बॅगेच्या चेनशी खेळत बसला. एकोणीस वर्षांचा धटिंगण, पण कान लाल झालेले.

"कसा खेळलो?" त्याने विचारलं.

"वाईट. पेनल्टी तर अगदीच वाईट."

"कुठे बसली होतीस?"

"गोलच्या मागे. तुझा बॉल माझ्याच डोक्यावरून गेला."