रोज पुसा लागते

ओल्या फडक्याला कोळशाच्या धुळीचा वास आला, की मला अजून ती संध्याकाळ आठवते. माजरीला कोळसा खाणीच्या आमच्या क्वार्टरमध्ये सगळं दिवसातून दोनदा पुसावं लागतं, नाहीतर पाण्याच्या माठावरही काळा थर बसतो. माझा धाकटा भाऊ कोकणात बंदरावर नोकरीला लागला आणि पहिल्याच पगारात त्यानं चंद्र बघायला नवशिक्यांची एक छोटी दुर्बीण घेतली. फोनवर तो आईला हसत सांगायचा, "तुले कोळशाची धूळ, मले समुद्राचं मीठ. काचेवर बसते आई, रोज पुसा लागते." त्याच पावसाळ्यात तो तिकडेच तापानं गेला आणि त्याचं सामान एका खोक्यातून घरी आलं. मी दुर्बीण बाहेर काढली, तर काचेवर मिठाचा पांढुरका थर होता आणि त्यात त्याच्या अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ दिसणारा. मी ती जपून टेबलावर ठेवली आणि बाबांना बोलवायला अंगणात धावले. परत आले, तर आई ओल्या फडक्यानं काच घासत होती. "कोणी पुसलीच नसन वं इतके दिवस," ती म्हणाली, "रोज पुसा लागते म्हणे ना तो." आई अजून रोज पुसते. काचेवर ओरखड्यांचं जाळं झालंय, चंद्र नुसता पांढरा डाग दिसतो. मी माहेरी गेले की ती विचारते, "साफ दिसते न वं?" मी डोळा लावते आणि म्हणते, "हो आई, एकदम साफ."