इंजिनवाल्याचं लाल वळण

पानगळीच्या दिवसांत हौशी प्रवाशांना नदीच्या लाल वळणापर्यंत नेऊन आणणारी एक बोट होती. तिच्यावर इंजिनवाल्याचा उभा जन्म गेला, आणि ते वळण त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. बोटीवर कोणाला त्यात काही विशेष वाटत नसे. इंजिन खाली, पाण्याच्या पातळीखाली; तिथे खिडकी कोण ठेवणार? कप्तान वरून दोरी ओढायचा आणि खाली घंटा वाजायची. एक टोल पडला की वेग कमी, दोन पडले की मागे. वरची मंडळी माना वळवून लालभडक झाडांकडे बघत असायची, नेमकं तेव्हाच याला इंजिन सोडून हलता यायचं नाही. संध्याकाळी काळाकुट्ट होऊन तो शिडी चढून वर आला की सोबती म्हणायचे, "निघाली घूस बिळाबाहेर." तोही हसून घ्यायचा.

माहीत नव्हतं ते फक्त त्याच्या बायकोला.

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात तो जेवायला बसला तेव्हा तिने विचारलं होतं, "आज काय दिसलं?" नव्या नवरीला सांगणार काय, तेलाचा डबा? हवेच्या नळीतून प्रवाशांचं बोलणं खाली यायचं, त्यातलं एक त्याला आठवलं. "झाडांना नुसती आग लागल्यासारखं झालंय," त्याने ठोकून दिलं. तिचा वाढता हात तसाच थांबला. आपल्या बोलण्याने कोणी असं थांबल्याचं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. ऐकलेलं संपलं तसं त्याने पदरचं घालायला सुरुवात केली. वळणावर एक पांढरं घर उभं केलं, त्यावर लाल वेल चढवली, दारात जाळं विणणारा एक म्हातारा बसवला. एका वर्षी काही सुचेना तेव्हा त्या म्हाताऱ्याला मारूनही टाकलं. बायकोला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

हंगामाच्या शेवटच्या फेरीला नोकरांच्या घरच्यांना फुकट नेत. पण आधी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यानंतर लेकीची आजारपणं. "पुढच्या वर्षी" म्हणता म्हणता तिचे केस पिकले. घराच्या दोन खोल्यांना मिळून एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीसमोर. दर वर्षी तिचं जाणं हुकलं की त्याला वाईट वाटायचं आणि हायसंही वाटायचं. माणूस असाच असतो, त्याला काय करणार?

यंदा डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. बायकोचं हृदय पार थकलंय, हिवाळा निघेल असं वाटत नाही. "काही इच्छा असेल तर पुरी करा." इच्छा कुठली, ते विचारायचीही गरज नव्हती. तो तसाच कप्तानाकडे गेला.

कप्तानाने शेवटच्या फेरीला इंजिन दुसऱ्याकडे सोपवलं. शाल गुंडाळून ती कठड्याजवळ बसली, शेजारी हा. उजेडाने त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. दोन्हीकडे झाडंच झाडं, आपण कुठे आहोत तेच कळेना.

"वळण आलं की सांगा हं," ती म्हणाली. "मला पांढरं घर बघायचंय."

सवयीने त्याने डोळे मिटले आणि तळपाय फळ्यांवर घट्ट टेकवले. इंजिनाची घरघर पायांतून वर येऊ लागली तसा त्याला धीर आला. खाली एक टोल पडला.

"हे बघ, आलं," तो म्हणाला. "डाव्या हाताला."

वळण उजव्या हाताला होतं. खाली तो इतकी वर्षं बोटीच्या नाकाकडे पाठ करून बसत आला होता; तिथलं डावं ते वर उजवं. त्याने डोळे उघडले तेव्हा ती झाडांकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती. तिच्यामागे वळण सरकत होतं. पानं बरीचशी झडून गेली होती, चिखलाच्या काठावर एक विजेचा खांब उभा होता. घर नव्हतं.

"पाडलं वाटतं घर," तो पुटपुटला.

"राहू द्या," ती म्हणाली. जराशाने विचारलं, "कधीच वर आला नाहीत?"

त्याने मान हलवली. आता ती बोलेल, चार शब्द सुनावेल, याची तो वाट बघत राहिला. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

"सासूबाईंच्या उशाशी बसून त्या भिंतीकडे बघायचे ना," ती हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा मनात म्हणायचे, माझं राहिलं तर राहू दे. दोघांतला एक तरी बघतोय. त्यावर निभावलं हो मी."

खाली दोन टोल पडले. बोट मागे आली, वळली आणि परत निघाली.

हंगाम संपला. बोट धक्क्याला बांधून ठेवली, तरी तो रोज दुपारी नदीवर जायचा. उघड्या फांद्या, पाण्यावरचा उजेड, काठाशी साचलेली पानं, सगळं नीट बघून घ्यायचा, विसरू नये म्हणून वाटेत मनाशी घोकायचा. घरी येऊन तिच्या अंथरुणापाशी बसायचा. सांगण्यासारखं खरंखुरं काही आता पहिल्यांदाच त्याच्यापाशी होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. हवं-नको विचारलं तर उत्तर द्यायची, पाणी दिलं तर प्यायची.

हिवाळा सरायच्या आत ती गेली. तोवर तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आज काय दिसलं.