डेअरीवर काढलेला सदरा

कोरोनाच्या लसीचा दुसरा डोस घेतला आणि काही आठवड्यांनी माझ्या पोटावर, मांड्यांवर पाण्यानं भरलेले टपोरे फोड उठले. घरच्यांनी नागीण समजून गेरू लावला. फोड वाढतच गेले. एके सकाळी दूध घालायला गेलो आणि गावच्या डेअरीवर, भरल्या रांगेसमोर सदरा काढला. "बघा, लसीनं काय केलंय!"

डेअरीवर बोललेलं आमच्याकडे दूध तापायच्या आत घरोघरी पोचतं. माझी थोरली वहिनी लस घ्यायला निघाली होती. तिनं पायातल्या चपला काढून ठेवल्या.

कोल्हापूरच्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी फोडाच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला. मग सांगितलं, शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून स्वतःच्या कातडीवर उलटली आहे. उतारवयात हे लस न घेताही होतं. लसीनंतर क्वचित दिसतं, पण तुम्हाला लसीनंच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. गोळ्या-मलमानं काही महिन्यांत मी बरा झालो. सदरा मात्र पुन्हा काढला नाही. बरं झालेलं अंग दाखवायला कोण जातं?

दरम्यान वहिनीला कोरोना झाला. ऑक्सिजनवरून ती परत आली, पण अजून किटली घेऊन चढ चढताना थांबत थांबत येते. लस घेतली असती तर काय झालं असतं, मला ठाऊक नाही. तिला मी अडवलं, एवढं ठाऊक आहे.

परवा तिच्या नातसुनेनं बाळाला नेहमीची लस द्यायला नकार दिला. "धाकट्या आजोबांचं अंग सोलून निघालं होतं न्हवं? मग माझ्या लेकराला कशाला?"

वहिनी माझ्याकडं वळली. "भावजी, तुम्हीच बिघडवलंय. निस्तरा आता."

"समजावतो की तिला घरात."

"घरात? तवा गावाम्होरं उघडं झालतासा!"

दुसऱ्या दिवशी डेअरीवर पुन्हा सदरा काढला. फोडांच्या जागी फक्त काळपट डाग होते. "लसीनंतर फोड आले, हे खरं. लसीनंच आले, हे डॉक्टरलाबी सांगता येत न्हाई. औषधानं बरा झालो, हे मी तुम्हाला सांगितलंच न्हाई."

"तात्या, थंडी वाजंल, घाला सदरा," रांगेतून कुणीतरी हसलं.

"थांब. मागच्यास्नी दिसू दे."

घरी पोचलो तर बातमी माझ्या आधी आली होती. नातसून बाळाला टोपडं बांधत होती. वहिनी चपला घालून पायरीवर उभी होती.