मशीन जर्मनीची होती!

एकाच बसमध्ये तीच माणसं वीस वर्षं बसली की किस्से साचणारच. पोलादपूरहून महाडच्या एमआयडीसीत जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसचेही ढीगभर साचलेत. पण हल्लीचे सांगताना हसू येत नाही.

*

पॅकिंगच्या गणपतदादाच्या डोक्यात गाठ निघाली. मुलाने मुंबईला नेलं. चिरफाड नाही, टाके नाहीत, किरणांनी गाठ जाळायची! हॉस्पिटलचा व्हिडिओ बघूनच घरचे खूश. दोन महिन्यांत दादा गेला.

दहाव्याला मी मुलाला विचारलं, "डॉक्टर कोण होता रे?"

"नाव नाय आठवत, काका. पण मशीन जर्मनीची होती!"

एक कानाखाली द्यावीशी वाटली. मग त्याचं तोंड बघितलं आणि मलाच रडू आलं.

*

त्यानंतर तुकाराम. कापडे गावचा, माझ्याच शिफ्टचा ऑपरेटर, माझा जिवाभावाचा माणूस. किडनीत गाठ. हॉस्पिटलवाले म्हणाले, रोबोटने काढू.

बसमध्ये परशाने अक्कल पाजळली, "रोबोट हाय ना? मग डॉक्टर कशाला बघताय? त्यो नुसता बाजूला बसतो!"

"अरे गाढवा, बसून तोच चालवतो ते!" मी ओरडलो.

"म्हंजे आपल्यासारखाच ऑपरेटर?"

मग मात्र सगळ्यांनी खिडकीबाहेर तोंडं वळवली. आम्ही एकमेकांना चांगले ओळखतो ना!

*

तुकाराम पहिल्या भेटीहून आला तो छाती पुढे काढून. "सगळं इचारून आलो. लाईट गेली तर बॅकअप हाय, अलार्म हाय, मेंटेनन्स येळेवर हाय!"

आम्ही माना डोलावल्या. कंपनीत नवं मशीन आलं की आम्हीही हेच विचारतो.

तुकारामची बायको सुनंदावहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आणि चालवणाऱ्याचं काय इचारलंत?"

शरमेने आमची कोणाची मान वर होईना.

*

दुसऱ्या खेपेला वहिनी आणि मीही सोबत गेलो. काउंटरवरच्या मुलीने रंगीत पुस्तिका पुढे केली. "एकदम लेटेस्ट मशीन आहे, काका!"

तुकाराम म्हणाला, "मशीनचं नाय, ताय. माणसाचं सांगा. त्यानं ह्याच्यावर किती ऑपरेशनं केली?"

"ते... डॉक्टरांनाच विचारा."

म्हणजे आजवर कोणी विचारलंच नव्हतं!

*

डॉक्टर चाळिशीचे होते. तुकारामने हात जोडूनच विचारलं, "साहेब, राग मानू नका. ह्या मशीनवर तुम्ही सोता किती केली?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पोट उघडून, हाताने, बारा वर्षं करतोय. मशीनवर स्वतः... दोन."

"ते दोघं कशे हायत?"

वहिनीने पदर तोंडाला लावला.

"एक बरा आहे."

तुकारामने त्यांच्या हातांकडे बघितलं.

"मग हातानंच करा, साहेब. पण तुम्हीच करा!"