शून्याआधीचा अंधार

माझी मोठी बहीण झाडीपट्टीच्या नाटकांत काम करते, मंडळ भाऊजींचं. गेल्या हंगामात वडशाला गेलो तेव्हा स्टेजचे दिवे सांभाळायला मी त्यांना डब्याएवढा एक छोटा संगणक बसवून दिला. भाऊजींनी विचारलं, "लाईन गेली तं? जनरेटर लागतेच, पण याले बॅटरी लावू का?"

"कशाले? तीन सेकंदांत उठते थो." संगणक लवकर सुरू करून देणं हीच माझी बंगळुरूतली नोकरी. भाऊजींनी शंका घेतली याचाच मला राग आला.

ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात, धानाच्या बांधीत उभारलेल्या मंडपात, बहिणीच्या मुख्य प्रवेशात लाईन गेली. मी पडद्यामागे डब्यासमोर बसून तीन मोजले, पुन्हा मोजले, मग मोजणं सोडलं. शिट्ट्यांच्या गोंगाटात जनरेटरचा आवाजही ऐकू येईना. बहीण अंधारातच बोलत राहिली. दिवे आले तोवर तिचं प्रवेशातलं रडणं संपलं होतं.

प्रवेश संपल्यावर भाऊजी जनरेटरवाल्या भाऊंवर उखडले. "जनरेटरनंच उशीर केला," बहीणही म्हणाली. भाऊ मान खाली घालून निघून गेले. मलाही ते खरंच वाटलं.

सकाळी डबा उठायला किती वेळ लागला याची त्यातली नोंद पाहिली. तीनच सेकंद. सहज म्हणून बटण दाबून मोबाईलवर वेळ लावली, तर तीन सेकंद केव्हाच उलटले तरी डबा उठेना. नोंदीतलं घड्याळ कर्नल, म्हणजे संगणकाच्या प्रणालीचा गाभा, जागा झाल्यावर शून्यापासून सुरू होतं. त्याच्या आधी फर्मवेअर, म्हणजे कर्नलला उठवणारा मूळ प्रोग्राम, त्या धानाच्या बांधीत माझ्या बंगळुरूच्या ऑफिसातलं नेटवर्क शोधत बसलं होतं, सापडेना म्हणून कितीतरी वेळानं नाद सोडत होतं. बटणापासून मोजा, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. स्वतःच्या डब्याला मात्र कधी घड्याळ लावलं नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बहीण वेणी घालत होती. म्हटलं, "ताई, जनरेटर वेळेवर आला होता. माझाच डबा उशिरा उठला."

"मालूम हाय. जनरेटरवरचा बाहेरचा बल्ब लगेच लागलेला मले स्टेजवरून दिसला."

"मंग भाऊचं नाव काऊन घेतलं?"

"तू माह्या माहेरचा ना, बाबू."

मंडपामागे भाऊंनी जनरेटर पूर्ण खोलून ठेवला होता. एकेक भाग पुसून पाहत होते. खरं सांगायला मी जाऊन समोर उभा राहिलो.

त्यांनीच हात थांबवून विचारलं, "बाबू, माह्या जनरेटरपायी तुमच्या डब्याले काई झालं तं नाई ना?"