कागदावरचा थेंब

नाशिकजवळ अंबडच्या ज्या लॅबमध्ये मी नोकरी करते तिथे औषध बनत नाही. माणसाच्या रक्तात गेलेलं औषध किती आहे, एवढंच आम्ही मोजतो. नव्या औषधाच्या चाचणीतल्या रुग्णाला पुढचा डोस किती द्यायचा, हे डॉक्टर आमच्या आकड्यांवरून ठरवतात. म्हणून प्रत्येक आकड्याखाली कोणाची तरी सही असते. मी सांगतेय त्या चाचणीत ती सही माझी होती.

औषध सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी होतं आणि रुग्ण होते सुरगाण्याकडच्या पाड्यांवरची मुलं. त्यांच्या शिरेतून नळीभर रक्त काढायचं, ते बर्फात ठेवून वणी, दिंडोरी करत नाशिकला आणायचं, हे दर वेळी जमत नव्हतं. गाडीला उशीर झाला की बर्फ वितळायचा आणि नमुना बाद व्हायचा. म्हणून आम्ही नवी पद्धत बसवली. बोटाला टोचून एक थेंब खास कागदावर घ्यायचा, सावलीत वाळवायचा, पाकिटात घालून पाठवायचा. लॅबमध्ये त्या डागातून एक लहान गोल चकती कापून तिच्यातलं औषध यंत्रावर मोजायचं. ही पद्धत मी वर्षभर खपून तपासली होती. तिचा मला अभिमान होता.

सुरगाण्याकडच्या दवाखान्यातल्या नर्सला शिकवायला मी स्वतः गेले. पहिली आली नऊ वर्षांची एक मुलगी, आईचा पदर धरून. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला जुन्या सुयांचे निळे-काळे डाग होते.

तिच्या आईने विचारलं, "म्हंजी आता हाताला सुई नाय ना?"

"आज तुलना करायला एकदाच नळी घ्यावी लागेल, ताई. पुढच्या खेपेपासून फक्त बोटातून थेंब."

"नक्की ना? ही लय रडती. दोघींनी धरावं लागतं."

"नक्की," मी म्हणाले.

नळीच्या वेळी मुलगी रडली. बोट मात्र तिने आपणहून पुढे केलं. कागदावर थेंब पडला तसा तो पसरत छापील वर्तुळाच्या बाहेर गेला. "मोठा झाला," ती म्हणाली. मी हसले. तिथेच मला थांबायला हवं होतं.

आठवड्याभरात सगळ्या मुलांचे नळीचे आणि कागदाचे आकडे समोर आले. ते जुळत नव्हते. कागदावरचं औषध प्रत्येक मुलात कमी दिसत होतं. त्या मुलीचं तर जेमतेम निम्मं.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, "हाताची चूक असेल. कारण लिही आणि नमुने परत चालव."

परत चालवलं. आकडे तेच आले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एकेक कागद खिडकीशी धरून पाहायला लागले. सगळे डाग वर्तुळाबाहेर गेलेले. तेव्हा उलगडा झाला. या मुलांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी, म्हणून रक्त पातळ. पातळ रक्त कागदावर जास्त पसरतं, आणि मग तेवढ्याच चकतीत रक्तच कमी येतं. मी तपासणी केली होती ती धडधाकट माणसांच्या रक्तावर. थोडं पातळ केलेलं रक्तही घेतलं होतं, पण या मुलांच्या रक्ताइतकं पातळ नाही. एवढं पुरे, असं मला वाटलं होतं.

"काहीतरी गुणक लावून दुरुस्त करता येईल?" सरांनी विचारलं.

"प्रत्येक मुलाचा फरक वेगळा येतोय, सर."

चार दिवसांनी डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांची बैठक होती. हे आकडे गेले असते तर औषध कमी पडतंय असं समजून त्यांनी डोस वाढवला असता, आणि ते मुलांच्या जिवावर बेतलं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तशीच उभी राहिले. रडूही येईना. मग जागेवर येऊन, पद्धत या रुग्णांसाठी वापरण्याजोगी नाही, असा अहवाल लिहिला. वर्षभरापूर्वीच्या मंजुरीवर माझी सही होती. आता तिच्याविरुद्धही माझीच.

पुन्हा नळीवर जायचं ठरलं. फोनवर हे सांगायचा धीर झाला नाही, म्हणून मी स्वतः गेले.

नर्सने त्या मुलीच्या डाव्या हातावर दोनदा प्रयत्न केला. शीर सापडेना. मग उजवा हात घेतला. तिसऱ्या सुईनंतर मुलीने रडणं थांबवलं आणि ती नुसती छताकडे बघत पडून राहिली. ते मला जास्त असह्य झालं.

तिची आई म्हणाली, "तुमी म्हनल्या व्हत्या, थेंबच."

"माझं चुकलं, ताई."

"तुमचं चुकलं, मंग हिला का टोचिता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

पुढच्या खेपेला त्या दोघी आल्या नाहीत. नर्सने घरी जाऊन विचारलं, तर आईने नको म्हणून सांगितलं. तो तिचा हक्क होता. नोंदीत आलं, सहभाग मागे घेतला. कारणाचा रकाना रिकामा. मला कारण ठाऊक होतं, पण तो रकाना भरणं माझं काम नव्हतं. एकेक करत आणखी दोन मुलं गेली आणि काही महिन्यांनी कंपनीने ती चाचणीच बंद केली.

त्यानंतर आमच्याकडे नवं साधन आलं. एका दांडीच्या टोकाला स्पंजासारखा तुकडा; बोटावरच्या थेंबाला टेकवला की रक्त पातळ असो वा घट्ट, तो ठरलेलं मापच शोषून घेतो. मी सगळ्यात आधी त्याच्यावर अगदी पातळ रक्त तपासलं. आकडे जुळले. सरांनी सगळ्यांसाठी पेढे मागवले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, इंदिरानगरला घरी आले आणि चप्पलही न काढता पलंगावर बसून राहिले. माझ्या आईने चहा आणून ठेवला. तो गार झाल्यावर तिने उचलून नेला.